शिवेवरचं शिवेवर

फोन आला तेव्हा मी पडवीत बसून एका पार्सलावर शिक्का मारत होते. आमच्या वाडीचं पोस्ट म्हणजे आमच्याच घराची पडवी; विंझरवरून वेल्ह्याकडं निघालं की डाव्या हाताला आत वळायचं, तिसरं घर. सकाळचे अकरा वाजले असतील. पलीकडं वन्सच्या पुण्यातल्या जुन्या मैत्रिणीचा आवाज होता. वन्स तपासणीसाठी चार दिवस त्यांच्याकडंच राहायला गेल्या होत्या. "सुनंदा, मालन गेली गं... चहा टाक म्हणाली, कप घेऊन आले तर गेलेली." मी "बरं" म्हणाले. अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. फोन ठेवला, पार्सलाकडं पाहिलं, शिक्का अर्धाच उठला होता, तो पुन्हा नीट मारला आणि मगच आमच्या ह्यांना हाक मारली. वन्स म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. त्यांना जाऊन आता सात आठवडे झाले.

दुपारपर्यंत सगळी वाडी दारात जमली. जो येई त्याचा पहिला प्रश्न एकच, "कशानं गेल्या?" आणि मग आवाज खाली घेऊन, "त्याच्यानं न्हवं ना?" मी सांगत होते, हृदयानं गेल्या, बरेच दिवस त्रास होता. चौथ्या-पाचव्या वेळी मला राग यायला लागला. घरात माणूस गेलंय आणि ह्यांना चौकशा सुचतात! पण मग वाटलं, वन्स असत्या तर त्यांना केवढा आनंद झाला असता. कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, तर "कशानं" हे आधी विचारा, म्हणून ह्या बाईनं शेवटची काही वर्षं तोंडाची वाफ दवडली होती. त्यांच्याच मरणावर लोकांनी धडा म्हणून दाखवला.

वन्स पुण्यात विषाणूंच्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. कुणी शास्त्रज्ञ म्हणालं की त्या लगेच दुरुस्त करायच्या, "शास्त्रज्ञ आत बसतात, मी जाळं लावणारी बाई आहे." खरंच त्यांचं काम ते होतं. सह्याद्रीतल्या गुहा, जुनी भुयारं, देवळांची शिखरं, मोठाले वड, जिथं जिथं वटवाघळं असतील तिथं जायचं, तिन्हीसांजेला बारीक दोऱ्याचं जाळं उभं करायचं, अडकलेलं वाघूळ हातमोजे घालून अलगद सोडवायचं, त्याच्या तोंडातला ओलावा कापसाच्या काडीवर घ्यायचा, रक्ताचा एखादा थेंब घ्यायचा आणि त्याला परत सोडून द्यायचं. काड्या बर्फात घालून पुण्याला. शाळा वेल्ह्याला, कॉलेज भोरला, एसटीच्या पासावर शिकलेली ही मुलगी. वाडीतनं नोकरीसाठी बाहेर पडलेली पहिली बाई. पण घरात त्याचं कौतुक नव्हतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कुणी विचारलं तर "पुण्यात नोकरीला हाय" एवढंच सांगून विषय तोडायचे. एकदा एका स्थळाकडच्या मंडळींनी विचारलं, मुलगी नक्की काय करते? आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, घाईघाईनं म्हणाल्या, "औशदं बनवती." वन्स तिथंच पोह्यांच्या बशा घेऊन उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "न्हाई, वागळं धरती." पाहुण्यांनी पोहे संपवले, पण ते परत काही आले नाहीत.

मी ह्या घरात आले तेव्हा माझ्या आईनं मला बजावून पाठवलं होतं, नणंद बिनलग्नाची आहे, जपून राहा. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, हे माझ्या माहेरी, वरव्याकडं, जात्यावरच शिकवतात. पहिल्या सुट्टीला वन्स आल्या तशी मी पदर सावरून उभी राहिले. त्या आत आल्या, पिशवी ठेवली, हात साबणानं कोपरापर्यंत धुतले आणि मला म्हणाल्या, "तुला मशीनवर शिवता येतं म्हणे?" मला वाटलं ब्लाऊज शिवून मागतायत. त्यांना हव्या होत्या सुती पिशव्या, वीतभर रुंद, वर नाडी घातलेल्या, प्रत्येकीत एक वाघूळ मावेल अशा. जाळ्यातनं काढल्यावर त्यांची पाळी येईपर्यंत त्यांना त्यात ठेवायचं असतं. मी आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याच्या बारा पिशव्या शिवल्या आणि नव्या नवरीचा उत्साह म्हणून तोंडाला झालर लावली. वन्स इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की आत्याबाई चुलीपुढनं उठून बघायला आल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "झालर राहू दे गं, बारशाला आल्यासारखी दिसतील. पण शिवण बाहेरनं घाल. आतमधी दोरा सुटला तर बिचाऱ्यांची नखं अडकतात." त्या दिवसापासून मला त्यांची भीती वाटली नाही.

आमच्या वाडीच्या शिवेवर एक भला मोठा वड आहे. त्यावर दिवसा वटवाघळं लोंबत असतात, शेकड्यांनी. वडाखाली मरीआईचा शेंदूर लावलेला दगड, आणि त्याच्या शेजारी जुन्या लाकडी गाड्याची कुजकी चाकं. पूर्वी पटकी, देवी असली साथ आली की वाडीत मरीआईचा गाडा निघायचा. हिरव्या बांगड्या, लिंबू, नारळ, दहीभात, सगळं गाड्यावर ठेवून तो वाजतगाजत शिवेवर न्यायचा, तिथं सोडायचा आणि मागं न बघता घरी यायचं. दुसरीकडं म्हणे पुढचं गाव तो आणखी पुढं ढकलतं. आमच्या शिवेपलीकडं नुसता ओढा आणि डोंगर, ढकलायला कुणीच नाही, म्हणून आमचे गाडे वडाखालीच कुजले. त्याला हात लावायचा नाही हा मात्र कडक नियम. सरपणाची कितीही टंचाई असली तरी त्या चाकांची ढलपी कुणी चुलीत घातलेली नाही.

सुट्टीत वन्स संध्याकाळी मला त्या वडाकडं घेऊन जायच्या. जाळं नाही, काही नाही, नुसतं बांधावर बसून वाघळं बाहेर पडताना बघायचं. आधी एखादं, मग दोन-चार, आणि मग आभाळभर. त्या तोंडानं मोजत असायच्या आणि मी बडबडत असायची. एकदा मी विचारलं, "वन्स, ह्यांच्यातला रोग माणसाला झाला तर?" त्या म्हणाल्या, "होतो कधीमधी. बहुतेक वेळा कुणाला कळतसुद्धा नाही. पाव्हणा येतो, चहा घेतो, जातो." मग थोडं थांबून, "पण एखादा जावई असा येतो की घरजावई होऊन बसतो. माणसात येणं एक, आणि माणसातनं माणसात जायला शिकणं दुसरं. पहिलं सोपं आहे, दुसरं फार थोड्यांना जमतं. ज्याला जमतं त्याला मग जग कमी पडतं." ह्या मुकुटवाल्या विषाणूंच्या घराण्यातले चार तर केव्हाच घरजावई झालेत म्हणायच्या, आपल्याला पावसाळ्यात सर्दी करतात ते. पुढं एक परदेशात आला, माणसं मारून गेला, पण वेळेत आवरला. नंतर एक वाळवंटाच्या मुलखात उंटांकडनं आला, तो अजून ये-जा करतो, पण मुक्काम ठोकायला त्याला जमलेलं नाही. "आणि पुढचा?" मी विचारलं. "पुढचा येणार. कधी, कुठनं, कसा, हे कुणी सांगितलं तर त्याला खोटारडा म्हण." मला त्यात गंमत वाटली होती, हे आज कबूल करते. मी घरी येऊन ह्यांना म्हणाले, तुमच्या बहिणीला जावयाचा एवढा राग का ते आज कळलं.

वन्स निवृत्त होऊन कायमच्या वाडीला आल्या आणि दीड-दोन वर्षांत तो आला. टाळेबंदीच्या त्या पहिल्या उन्हाळ्यात पोस्ट चालू होतं. मी पडवीच्या खिडकीबाहेर सुतळी बांधली होती, लोक तिच्या पलीकडं उभे राहायचे. हातात काम नाही, मोबाईलवर दिवसभर वाघळांचे फोटो, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, हे आलं कुठनं? एक दिवस अशीच चर्चा रंगली होती. मला राहवलं नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणाले, "आमच्या वन्सनी हे पाच-सा वर्सांमागंच सांगितलं व्हतं. वडाखाली बसून. वागळातनं येनार म्हनून!" माझ्या डोळ्यांसमोर त्या बांधावरच्या संध्याकाळी होत्या. मला लोकांना दाखवायचं होतं की ज्या बाईला तुम्ही वागळं धरणारी म्हणून हसलात, तिला हे आधी कळलं होतं. सुतळीपलीकडच्या लोकांनी त्यातलं काय उचललं, ते दोन दिवसांत कळलं. मालनअक्कांनी सांगितलंय, रोग आपल्या वडावरनं येणार. चौथ्या दिवशी त्याला आणखी शेपूट फुटलं: अक्काच पिशव्यांतनं वागळं घरात आणायच्या, त्यांनीच आणला असंल.

वाडीत तेव्हा एकही माणूस आजारी नव्हतं. तरी आमच्या अंगणात येणं बंद झालं. शेजारची हिराबाई रोज ताकाला यायची, ती दुसऱ्या वाटेनं जायला लागली. पोस्टाची कामं लोक बांधावरनं ओरडून सांगायचे. वन्स मागच्या दारी वाल सोलत बसायच्या. ह्यांनी चिडून विचारलं, ही आवई उठवली कोणी? मी खाली मान घालून भाकरी थापत होते. वन्स म्हणाल्या, "लोकं भ्यालीत. भ्यालेल्या माणसाशी भांडू नये, त्याला वेळ द्यावा." माझी भाकरी तव्यावर करपली, तरी मी बोलले नाही. सांगायला हवं होतं. त्या एका वाक्यासाठी मी पुढची कितीतरी वर्षं घालवली.

मग नामदेवचे वडील गेले. नामदेव म्हणजे हिराबाईचा थोरला, अंगापिंडानं दणकट, टेम्पो चालवणारा. म्हाताऱ्याला खोकला होता, आधी नसरापूरला नेलं, तिथनं पुण्याला, आणि पुण्याहून नुसता निरोप आला. आमच्याकडं मातीला जाणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे इथल्या माणसालाच कळेल. भांडण असलं, कोर्टात केस असली, तरी मातीला माणूस जातो. नामदेवला स्वतःच्या बापाच्या मातीला जाता आलं नाही. दोन दिवस तो ओट्यावर गप्प बसून होता आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं टेम्पोत जुने टायर, मिरच्यांचं पोतं, गंधक आणि रॉकेलचा डबा भरला. बरोबर दहा-बारा माणसं. वड धुरी देऊन रिकामा करायचा आणि मग तोडायचा, असं ठरलं होतं. ह्यांनी येऊन सांगितलं तशा वन्स उठल्या. तोंडाला ओढणी बांधली. मी म्हणाले, "वन्स, जाऊ नका, तुमच्यावरच राग हाय त्यांचा." त्या म्हणाल्या, "म्हणूनच जायचं." मी मागोमाग गेले, कारण आग माझ्या जिभेनं लावली होती.

वडाखाली टायर रचून झाले होते. नामदेवनं वन्सना बघितलं आणि तो ओरडला, "अक्का, लांब व्हा. माजा बाप गेला. त्येचं तोंड बगाया मिळालं न्हाई मला. आता ह्यातलं एक बी ठिवत न्हाई." वन्स लांबच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता त्या विषाणूंचं सांगायला लागणार, आणि कुणी ऐकणार नाही. बायकांच्या घोळक्यात गंगूआत्या उभी होती, वाडीतली सगळ्यांत जुनी बाई, जिनं शेवटचा गाडा निघालेला डोळ्यांनी पाहिला होता. नामदेवला सोडून वन्स तिच्याकडं वळल्या. "आत्या, हितं सोडलेला गाडा कुणी माघारी घरात नेलाय का वो कधी?"

गंगूआत्यानं कपाळाला हात लावला. "आगं काय बोलतीस! हात सुदिक लावत न्हाई कुनी. शिवंवरचं शिवंवर."

"का?"

"का म्हंजी? हात लावला की संगं आलं न्हवं का घरला!"

"मग ह्या वागळांचं बी तसंच हाय, आत्या," वन्स म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता. "त्यांच्यापाशी काय काय हाय ते त्यांच्यापाशी हाय. शिवंवर हाय. ती झाडाला, आपन घरात. आत्ताचा रोग ह्या वडावरचा न्हाई, तो माणसांसंगं लांबनं आलाय, मूळ कुठनं आला ते अजून कुनालाच धड म्हाईत न्हाई. पर तुमी धूर केला तर ही शेकड्यानं उठत्याल. भ्यालेलं जनावर जास्ती मुततंय, जास्ती थुकतंय. तुमच्या गोठ्याच्या आढ्याला, कौलाखाली, आडावर जाऊन बसत्याल. पोरं मेलेली उचलत्याल. शिवंवरचं तुमी आपल्या हातानं घरात न्याल. नामदेव, तुज्या बापाला मी काका म्हनत व्हते. त्येंच्या मातीला मला बी जाता आलं न्हाई." आणि मग त्यांचा आवाज फुटला, तो मी पहिल्यांदा आणि शेवटचा ऐकला.

मग गंगूआत्या काठी टेकत पुढं गेली आणि नामदेवला म्हणाली, "उचल तुजं टायर. मरीआईच्या दारात रॉकेल वततोस व्हय रं?" शास्त्राला जे जमलं नसतं ते देवीच्या नावानं झालं, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. वाडीला जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं तेच वन्सनी वाडीला परत विचारलं होतं. नामदेव टायरवर बसून लहान मुलासारखा रडला आणि कुणाला जवळ जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवता येत नव्हता. वन्स तिथून हलल्या नाहीत. त्याचं रडणं संपेपर्यंत त्या उन्हात उभ्या होत्या.

वड राहिला, पण दुसराच प्रश्न उभा राहिला. आमच्या घराशी वाडी कशी वागली ते सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळं ज्याच्या घरात ताप यायचा तो दार लावून घ्यायचा. कणकण आली तरी "उन लागलं" आणि खोकला आला तरी "फोडणीचा ठसका". वन्सना ह्याची भीती वडावरच्या सगळ्या वाघळांपेक्षा जास्त वाटत होती. त्या म्हणायच्या, "नवा रोग आला की पहिल्या चार घरांतच पकडायचा असतो. चौथ्या गावात गेला की मग नुसतं मोजत बसायचं. आणि पहिली चार घरं कधी कळणार? लोकांनी सांगितलं तरच." एक दिवस माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "सुनंदा, सगळी वाडी तुझ्याशी बोलते. तुझ्या जिभेला काम देऊ?" मला वाटलं, त्यांना वडाच्या आवईचं कळलं. पण त्या सरळच बोलत होत्या. पत्र द्यायला, पैसे काढायला येईल त्याला मी विचारायचं: घरात कुणाला ताप? खोकला? एकाच घरात दोघांना? कोंबड्या, शेरडं एकदम मेली का? वाघूळ, माकड कुठं पडलेलं दिसलं का? हात लावला का? काही वेगळं वाटलं तर वन्स उपकेंद्रातल्या नर्सबाईंना फोन करायच्या, आणि त्या घरी स्वतः अंगणातनं चौकशी करून यायच्या, भाकरी-कालवण उंबऱ्यावर ठेवून. पहिल्यांदा लोक हसले. पुढं सवय झाली. साथ ओसरली, मास्क खुंटीवर गेले, तरी वन्सनी प्रश्न थांबू दिले नाहीत. "वन्स, आता सुंठीवाचून खोकला गेला, आता कशाला?" मी म्हणायचे. "गेलेला नाही, घरजावई झालाय," त्या म्हणायच्या, "आणि त्याच्या मागनं दुसरा यायचा नाही असं कुणी लिहून दिलंय?"

ह्या सगळ्या काळात माझ्या मनातलं ते एक वाक्य तसंच होतं. कधी त्यांच्या डोक्याला तेल लावताना ओठांवर यायचं, कधी निवडणं-टिपणं करताना, आणि मी काहीतरी दुसरंच बोलायचे. शेवटी पुण्याला तपासणीला निघाल्या त्या दिवशी आम्ही दोघी विंझरच्या फाट्यावर एसटीची वाट बघत बसलो होतो. त्यांना चार पावलं चाललं तरी धाप लागत होती. का कोण जाणे, मला वाटलं, आज नाही तर कधीच नाही. मी त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "वन्स, तवा वडाची आवई उठली ना... ती म्या उठवली व्हती. पोस्टात बसून."

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "माहीत आहे की," म्हणाल्या. "पहिल्या दिवशीच कळलं. बातमी तुझ्या पोस्टातनं निघाली, शिक्का तुझाच होता."

"मग बोलला का न्हाई? शिव्या तरी घालायच्या!"

लांबनं गाडीचा आवाज यायला लागला होता. "हिराबाईच्या सुनेनं मला तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले होते. 'आमच्या वन्सनी' म्हणालीस तू..." त्यांनी माझा हात हातात घेतला. "ह्या घरातनं माझं नाव कुणी फुशारकीनं घेतलंय, असं जन्मात पहिल्यांदा झालं, सुनंदा. त्याच्यावर शिव्या कशा घालू?" एसटी आली. मी पिशवी वर दिली. त्यांनी खिडकीतनं हात हलवला आणि नेहमीसारखं ओरडून सांगितलं, "प्रश्न विचारायचे थांबवू नकोस!" ती आमची शेवटची भेट.

त्या गेल्यावर मी प्रश्न थांबवले. खोटं कशाला बोलू? शिक्का मारायचे, पत्र द्यायचे, गप्प बसायचे. पंधरा-वीस दिवस असे गेले. मग एका सकाळी, खिडकी उघडून मी नुकतीच बसले होते, तर समोर नामदेव उभा. हातात काही पत्र नाही, पासबुक नाही. नुसताच उभा राहिला. मी म्हणाले, "काय रं?" तो म्हणाला, "वैनी, आमच्या गोठ्यात वागूळ पडलंय. मेलेलं हाय. अक्का असत्या तर त्यांना सांगितलं असतं... आता कुनाला सांगायचं ते कळंना."

मला वाटलं होतं मी विसरले असेन. पण प्रश्न आपोआप, त्यांच्याच क्रमानं, तोंडातनं यायला लागले. हात लावला का? न्हाई. कुत्र्यानं तोंड लावलं का? न्हाई, बांधून घातलंय. गुरांनी? गुरं भायेर काढली. पोरं कुठं हायत? आयनं घरात घेतल्यात. घरात कुणाला ताप? कुनाला न्हाई. मग एकच आहे का आणखी कुठं? "वडाखाली बी बगून आलो," नामदेव म्हणाला, "लांबनंच. तितं काय न्हाई. ह्येच्यावर घमेलं पालथं घातलंय, वर धोंडा ठिवलाय." ज्या माणसानं कधीकाळी टायर रचले होते तो एका मेलेल्या वाघळावर घमेलं पालथं घालून, वडापर्यंत बघून मला सांगायला आला होता. तो इतक्या सहज बोलत होता, जणू हे असंच करायचं असतं.

मी मोबाईल उचलला आणि उपकेंद्राला फोन लावला. नर्सबाई नवीन आल्या होत्या, मला ओळखत नव्हत्या. "हॅलो, कोण बोलतंय?" त्यांनी विचारलं. आमच्या घराला वाडीत आजवर मामंजींच्या नावानं ओळखतात, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी. दारावरची पाटीही त्यांचीच आहे. नामदेव सुतळी नसलेल्या खिडकीच्या गजांना धरून माझ्याकडं बघत होता.

मी म्हणाले, "मालनताईंच्या घरून बोलतेय."